चार सेकंद

2016 मध्ये ऑटोकॅडचे नवे कायमस्वरूपी परवाने विकणं बंद झालं आणि नवी प्रत भाड्यावरच मिळू लागली. आमचं कोल्हापुरातलं ऑफिस तीन खुर्च्यांचं. एकदाच पैसे भरून घेता येईल असं स्वस्त कॅड शोधायचं ठरवलं, तिथवर काही चुकलं नव्हतं.

पुढचं सगळं मी चुकवलं. चार पॅकेजेसचा तक्ता केला. थ्रीडी, रेंडरिंग, पीडीएफमधून रेषा उचलणं, पॉइंट क्लाउड. ज्याच्या रकान्यात खुणा जास्त, ते घेतलं. चाचणीच्या मुदतीत एका बंगल्याचा प्लॅन उघडून पाहिला, झटकन उघडला. पण आमचं पोट लेआउटच्या कामावर आहे. तेव्हा हातात बारा एकरांचा डोंगरउतार होता, टोटल स्टेशनने मोजलेला, अर्ध्या अर्ध्या मीटरच्या कॉन्टूरसकट. ती फाइल मी उघडून पाहिलीच नाही.

यातली बरीच पॅकेजेस 1998 मध्ये स्थापन झालेल्या ओपन डिझाइन अलायन्सच्या लायब्ररींवर उभी आहेत, त्यामुळे डीडब्ल्यूजी फाइल कशातही उघडते. उघडल्यावर ती किती हलकी चालेल, हे मात्र ज्याच्या त्याच्या चित्र काढणाऱ्या इंजिनावर असतं.

आमच्याकडे माउसचं चाक फिरवलं की स्क्रीन चार सेकंद गोठायची. त्या मशीनवर मी बसत नव्हतो, ड्राफ्टिंग करणारी मुलगी बसायची. तिनं दोनदा सांगितलं. मी म्हणालो, "होईल सवय."

सवय झाली, आणि तिथंच घात झाला. तिनं चाकाला हात लावणं सोडलं. झूमची खिडकी टाकून एकदाच जवळ जायची आणि तेवढ्यावर काम उरकायची. बिंदू पकडल्यावर आणखी जवळ जाऊन खात्री करणं बंद झालं. एका ठिकाणी रस्त्याची कड हद्दीच्या दगडाऐवजी शेजारच्या कॉन्टूरच्या बिंदूला चिकटली. साइटवर फक्की पडली, मुकादमानं टेप लावला आणि म्हणाला, "साहेब, दगडाला मेळ बसंना." साडेतीनशे मिलिमीटरचा फरक. खुदाई सुरू व्हायची होती म्हणून निभावलं. मी तिथंच, सगळ्यांसमोर तिला बोललो. ती गप्प राहिली.

दुसऱ्या दिवशी चूक शोधायला मी स्वतः त्या मशीनवर बसलो. चाक फिरवा, थांबा. पुन्हा फिरवा, पुन्हा थांबा. डोळ्यांनी धरलेली जागा चित्र परत येईपर्यंत हातची निसटायची. चाळीस मिनिटांत मीही तीन ठिकाणी जवळ जाऊन बघायचं टाळलं. ते लक्षात आलं तेव्हा पोटात खड्डा पडला.

त्यावर उपाय म्हणून बारा कोअरचं नवं मशीन आणलं. फरक जवळपास शून्य. ड्रॉइंग रीजन होताना, म्हणजे पुन्हा आखलं जाताना, बहुतेक काम एकाच कोअरवर चालतं. एक राबत होता आणि बाकीचे नुसते बसून होते.

मग फाइल तपासली. कॉन्टूर एकावर एक दोनदा पडलेल्या. त्या ओव्हरकिल कमांडनं काढल्या, नको ते ब्लॉक पर्जनं. शिवाय सगळं यूटीएम निर्देशांकांवर आणि तेही मिलिमीटरमध्ये. कोल्हापूर विषुववृत्तापासून सुमारे साडेअठरा लाख मीटरवर आहे, म्हणजे उत्तरेकडचा प्रत्येक आकडा दहा अंकी. ग्राफिक्स कार्ड साधारण सात अंकांपर्यंतच नेमकं असतं, म्हणून जवळ गेलं की रेषा थरथरायच्या. कामाची प्रत शून्याजवळ आणली आणि थरथर थांबली. हे सगळं केल्यावर चार सेकंदांचे दीड झाले. उरलेला दीड सेकंद त्या पॅकेजचाच होता, कारण तीच साफ केलेली फाइल दुसऱ्या एका साध्या पॅकेजमध्ये चाकाबरोबर सरकत होती. त्यात रेंडरिंग नाही, पॉइंट क्लाउड नाही. या दोन्ही गोष्टी आम्ही वर्षभरात एकदाही वापरल्या नव्हत्या. आधीचे पैसे बुडाले आणि आम्ही ते साधं पॅकेज घेतलं. या वेळी चाचणीच्या मुदतभर ती मुलगीच बारा एकरांच्या फाइलवर बसली आणि "हेच घ्या, सर" म्हणाली.

तिची मी माफी मागितली. बोललो होतो साइटवर, चारचौघांत. माफी मागितली ऑफिसात, आम्ही दोघंच असताना. तो मुकादम अजून आमच्याच कामावर आहे. त्याला मी अजून काही सांगितलेलं नाही.