मीन्याची प्रतिकृती

चि. ताईस,



तुझे पत्र आणि त्यासोबतचे पदक, दोन्ही पावली. पदकावरील कमळाची रेखा स्वच्छ आहे, पाकळ्यांची टोके सफाईने उतरली आहेत आणि लाल रंगाची निवडही नामी आहे; तरीसुद्धा, तू स्वतःच लिहितेस त्याप्रमाणे, ते मीनाकाम न वाटता रंगविलेली माती वाटते, आणि तुझ्या या निर्णयाशी मी सहमत आहे. असे का झाले याची कैफियत तू माझ्याकडे मागितली आहेस. ती दोन ओळींत उरकण्याजोगी नसल्यामुळे सवडीने लिहिते. कारण माझी अशी दृढ धारणा आहे, की एखाद्या कलेची प्रतिकृती करू इच्छिणाऱ्याने तिच्या बाह्य रूपाच्या मागे धावण्यापूर्वी, ते रूप कोणत्या कारणांनी तसे घडले याची पुरी रुजुवात घेतली पाहिजे. कारण हाती लागले, की रूप आपोआप मागून येते.

मीना म्हणजे काच. कोबाल्टने निळी झालेली, तांब्याने हिरवी झालेली अशी काच कुटून तिची बारीक पूड करावयाची, ती पाण्यात भिजवून धातूच्या पृष्ठावर बसवावयाची आणि सुमारे 750 ते 850 अंश सेल्सियस आचेत ती वितळवून धातूशी एकजीव करावयाची, इतकाच या विद्येचा सारांश. राजा मानसिंगाने लाहोरहून कारागीर आणून ही विद्या आपल्या राज्यात वसविली, असे परंपरा सांगते. आणि पुढे जयपूरच्या या कामाची कीर्ती इतकी पसरली, की 1886 साली जेकब आणि हेंडली या दोघा इंग्रज अधिकाऱ्यांनी ‘जेपोर इनॅमल्स’ हा सचित्र ग्रंथ लंडनमध्ये प्रसिद्ध केला. तेथील दस्तुराप्रमाणे आकृती काढणारा चितेरा वेगळा, सोने घडविणारा सोनार वेगळा, ते कोरणारा वेगळा आणि रंग भरणारा मीनाकार वेगळा. यांपैकी कोरणाऱ्याच्या कामाकडे तू विशेष लक्ष द्यावेस, अशी माझी इच्छा आहे. तो पाकळीचा आकार सोन्यात खोल उतरवितो आणि तेवढ्यावर न थांबता त्या खळग्याच्या तळावर अतिशय बारीक, एकमेकींना समांतर अशा रेघा ओढतो. त्या रेघांमुळे काचेला धातूची पकड मिळते; आणि दुसरे, आपल्या दृष्टीने अधिक मोलाचे कार्य असे, की पारदर्शक रंगातून खाली उतरलेला प्रकाश त्या रेघांवरून अनेक अंगांनी परावर्तित होऊन, पुन्हा त्याच रंगातून वर येतो. म्हणजे जयपूरच्या लाल रंगाचे जे तेज आपण वाखाणतो, त्यातील अर्धे श्रेय काचेखाली दडलेल्या सोन्याचे असते.

तुझ्या पदकातील वैगुण्य नेमके येथे आहे. तू लाल पॉलिमर क्ले, म्हणजे भाजून पक्की होणारी कृत्रिम माती, पाकळीत बसविलीस. ती अपारदर्शक असल्यामुळे प्रकाश वरच्यावर माघारी फिरला आणि खालच्या सोनेरी थराला त्याचा स्पर्शही झाला नाही. त्यावर तू कितीही चकाकी चढविलीस, तरी ती कातडीवरची चकाकी राहील. तेव्हा रंगाची छटा बदलण्याचा विचार सोडून दे आणि प्रकाशाला खाली उतरण्यास वाट कशी मिळेल याची तजवीज कर.

ती अशी करावी. प्रथम सोनेरी क्लेची पट्टी लाटून तिच्यात ठशाने किंवा सुईने पाकळ्यांचे खळगे उतरव. खोली एका मिलिमीटरपेक्षा अधिक नको, नाहीतर रंग काळवंडल्यासारखा दिसेल. मग त्या खळग्याच्या तळावर, कोरणारा कारागीर करतो त्याप्रमाणेच, बोथट सुईने अगदी जवळजवळ रेघा ओढ. या रेघा दाबताना सुई क्लेत रुतू न देता आडवी धरून नुसती टेकवीत जावे, म्हणजे कडेला उठाव येत नाही. त्यांवर अभ्रकाची सोनेरी पूड कुंचल्याने अलगद चोळ किंवा सोनेरी वर्ख बसव, आणि हे सारे भाजून पक्के करून घे. यानंतर द्रवरूप क्ले, जी भाजल्यावर स्वच्छ होते अशा प्रकारची, वाटीत काढून तिच्यात रंग मिसळ. रंग हा इतका थोडा घालावयाचा, की सुईच्या टोकावर जेवढा चिकटेल तेवढाच एका वेळेस. विक्रीस ठेवावयाच्या कामात मी तैलरंगाचा पक्ष घेईन. कारण त्याच्या नळीवरच तो प्रकाशात किती टिकतो याची नोंद छापलेली असते, तर मद्यार्कातील शाईचे कित्येक रंग उन्हात उडतात. शाईच वापरावयाची झाली, तर मिश्रणातील मद्यार्क पुरता उडून जाईपर्यंत ते उघडे ठेवले पाहिजे. अन्यथा तो भट्टीत बुडबुड्यांच्या रूपाने आपली हजेरी देतो.

हा रंग खळग्यात सुईने थेंबाथेंबाने सोड, तो कडेपर्यंत आपोआप पसरू दे, वर आलेले बुडबुडे सुईने फोड आणि काही काळ झाकून स्वस्थ ठेव. एकाच दमात खळगा काठोकाठ भरण्याचा मोह टाळून पातळ थर द्यावा, भाजावा, पुन्हा थर द्यावा, असा क्रम ठेवणे श्रेयस्कर. जयपूरच्या मीनाकारालाही क्रम पाळावा लागतो, परंतु निराळ्या कारणाने: पांढरा रंग सर्वांत अधिक आच सोसतो म्हणून तो आधी, आणि लाल सर्वांत नाजूक म्हणून तो शेवटी. आपल्या द्रव्याला रंगारंगांतील असा भेद नाही. ते पुनःपुन्हा भाजता येते, ही त्याची सवलत आहे, आणि हिचा पुरेपूर लाभ घ्यावा.

भाजण्याविषयी मात्र काटेकोर राहा. बहुतेक पॉलिमर क्ले 110 ते 130 अंशांच्या दरम्यान पक्क्या होतात. वेष्टनावर उत्पादकाने जो आकडा छापला असेल, तोच हुकूम समजावा. ओटीजी भट्टीच्या खटक्यावरील आकड्याची ग्वाही न मानता आत वेगळे तापमापक ठेव, काम फरशीच्या गुळगुळीत तुकड्यावर मांड आणि वरून अॅल्युमिनियमच्या कागदाची कमान कर, म्हणजे तापलेल्या तारांची धग सरळ लागून रंग करपणार नाही. या द्रव्याच्या मुळाशी पीव्हीसी आहे. मर्यादा फार ओलांडली, तर ते विघटन पावून हायड्रोजन क्लोराइडचा बाधक वायू सोडते. म्हणून भाजतेवेळी खिडकी उघडी असावी आणि तू घरातच असावेस.

तारेच्या मीन्याविषयीही तू विचारले आहेस. चीन आणि जपान या देशांत ज्या कामाची परमावधी झाली, त्यात धातूच्या बारीक पट्ट्या उभ्या बसवून घरे पाडतात आणि प्रत्येक घरात निराळा रंग भरतात. पुष्कळ हौशी मंडळी सपाट रंगकामावर वरून सोनेरी लेखणीने रेघा काढून या कामाचा आभास करू पाहतात, आणि तो पाहताक्षणीच उघडा पडतो. कारण त्या रेघेला काही कार्यच नसते. मूळ कामातील तार ही दोन रंगांमधली भिंत असते. शेवेच्या सोऱ्याप्रमाणे दाबावयाचे जे लहान यंत्र मिळते, त्यातून सोनेरी क्लेचे अगदी बारीक धागे काढून ते रेखांवर बसव, भाज आणि मग घरे भर. भिंतीने रंग खरोखर अडविला, की तिचे रूपही खरे दिसते. तांब्याची तार वापरणार असशील, तर क्ले धातूला स्वभावतः धरत नाही हे ध्यानात ठेवून, तार द्रवरूप क्लेच्या पातळ लेपात रोवून आधी भाजून घे. याच वाटेने पुढे जाऊन तारेची नुसती चौकट काचेच्या गुळगुळीत तुकड्यावर ठेवून भरली आणि भाजल्यावर सोडवून घेतली, तर पाठीमागे काहीच नसलेला, उजेडासमोर धरावयाचा मीना साधता येतो. रने लालिक या फ्रेंच रत्नकाराने 1897-98 च्या सुमारास घडविलेले, स्त्रीदेह धारण केलेल्या चतुराचे, छातीवर लावावयाचे भूषण लिस्बनच्या गुल्बेंकियन संग्रहालयात आहे. त्याच्या पंखांतील मीना या जातीचा आहे, आणि त्याचे छायाचित्र मिळाले तर ते तू अवश्य अभ्यासावेस.

शेवटी पृष्ठभाग. काच वितळून आपोआप चकाकते. क्लेला ती कांती आपण श्रमाने द्यावयाची. वॉटर पेपर 400 पासून 600, 1000 आणि 2000 पर्यंत क्रमाने बारीक घेत, पाण्याखाली घासावे. मधला एकही टप्पा गाळू नये, कारण मागल्या कागदाचे ओरखडे पुसणे हेच पुढल्या कागदाचे काम. मग सुती कापडाने झिलई द्यावी. नखांचे पॉलिश मात्र कदापि लावू नकोस. त्यातील द्रावक क्लेला मऊ करतो आणि काही दिवसांनी वस्तू चिकट होते.

आता ज्या शंकेने तू पत्राचा शेवट केला आहेस, तिच्याकडे वळते. नकली मीना करणे हा कारागिराचा अवमान नाही काय, असे तू विचारतेस. मी म्हणते, नाही. आणि त्याला आधार या द्रव्याच्या इतिहासातच आहे. केटे क्रूझे या जर्मन बाहुलीकर्तीला युद्धकाळात बाहुल्यांच्या मस्तकांसाठी नेहमीची सामग्री दुर्मीळ झाली, तेव्हा पर्याय म्हणून पुढे आलेले हे द्रव्य. तिच्या मुलीने ते विकसित केले, 1964 साली ते एबरहार्ड फाबर या कंपनीकडे गेले आणि फिमो या नावाने जगभर पोहोचले. पर्याय म्हणून जन्मलेल्या वस्तूने पर्यायाचे काम इमानाने करावे, यात कमीपणा नाही. जिला भट्टी परवडत नाही आणि सोने तर नाहीच नाही, तिने घरच्या टेबलावर पाकळीच्या तळाशी रेघा ओढून, वर्ख पसरून, पातळ रंग भरून प्रकाश तिथवर उतरविला, तर तिने जयपूरच्या त्या कोरणाऱ्याची विद्या समजून घेऊन तिचा मान राखला, असेच मी म्हणेन. एकदा असे काम केलेल्या माणसाला खऱ्या मीन्याची किंमत अधिक कळते, आणि तो घेताना घासाघीस करावयास त्याची जीभ सहसा वळत नाही.

अवमान होतो तो निराळ्या ठिकाणी, आणि तो विक्रीच्या टेबलावर होतो. मीना शतकानुशतके टिकतो, कारण तो काच आहे. आपली क्ले ओरखडते आणि कडक उन्हात तिचे रंग बदलू शकतात. गिऱ्हाइकाला हे न सांगता ‘मीनाकारी’ या नावाखाली पैसे घेणे, हे ज्याने डोळे शिणवून सोने कोरले त्याच्या हक्कावर सरळ अतिक्रमण आहे. म्हणून माझी तुला एकच विनंती, आणि ती आज्ञा समजलीस तरी हरकत नाही: तुझ्या प्रत्येक पदकाच्या चिठ्ठीवर ‘पॉलिमर क्ले, मीन्याच्या धर्तीवर’ एवढे शब्द ठळक लिही, खाली निगेच्या सूचना दे, आणि मग आपल्या श्रमांचा पुरा मोबदला निःसंकोच माग.

कळावे. लोभ आहेच, तो वाढावा.

तुझी,
आत्या