दारावरची पाटी आणि झाकलेले पिस्तूल

अमेरिकेच्या राज्यघटनेतील दुसरी दुरुस्ती नागरिकाच्या शस्त्र बाळगण्याच्या हक्काला संरक्षण देते ते सरकारपासून, दुकानदारापासून नव्हे. एवढी एक गोष्ट नीट ध्यानात ठेवली, की अंगावर झाकून घेतलेले परवान्याचे पिस्तूल किराणा दुकानात, उपाहारगृहात किंवा चित्रपटगृहात नेता येते की नाही, या वादातील निम्मा धुरळा खाली बसतो. 'शस्त्र घेऊन आत येऊ नका' असे सांगण्याचा खासगी जागेच्या मालकाला अधिकार आहे, याबद्दल दोन्ही पक्षांत फारसा मतभेद नाही. खरे भांडण आहे ते मालक काहीच बोलला नसेल तर त्याच्या मौनाचा अर्थ कायद्याने काय लावावा, आणि तो बोललाच तर किती मोठ्या अक्षरांत बोलला म्हणजे ते ऐकू गेले असे धरावे, याविषयी.

शस्त्र कपड्यांआड, इतरांना दिसणार नाही अशा रीतीने बाळगणे याला तेथे 'कन्सील्ड कॅरी' म्हणतात आणि कमरेला उघडपणे लावून हिंडणे याला 'ओपन कॅरी'. फ्लोरिडाने १९८७ मध्ये असा कायदा केला, की ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या अर्जदाराला परवाना नाकारण्याची मुभाच अधिकाऱ्याला उरू नये, आणि त्यानंतर एकामागून एक राज्ये त्या वाटेने गेली. टेक्सासमध्ये या बदलामागे एका हत्याकांडाची पार्श्वभूमी होती. १६ ऑक्टोबर १९९१ रोजी किलीन येथील 'लूबीज' या खाणावळीत एका बंदूकधाऱ्याने २३ माणसे मारली. त्या दिवशी तेथे जेवायला आलेल्या सुझॅना ग्रेशिया हप यांचे आईवडील त्यांत होते. हप यांचे पिस्तूल मात्र राज्याच्या तत्कालीन कायद्यामुळे बाहेर गाडीत राहिले होते. त्यांनी पुढे ठिकठिकाणच्या विधिमंडळांसमोर साक्षी दिल्या, आणि १९९५ मध्ये टेक्सासने संमत केलेला परवान्याचा कायदा १ जानेवारी १९९६ पासून अमलात आला.

परवानाधारक रस्त्यावर आला, त्याअर्थी तो दुकानाच्या दारातही येणार, हे उघडच होते. म्हणून १९९७ मध्ये टेक्सासच्या दंडसंहितेत कलम ३०.०६ घालण्यात आले. या कलमाप्रमाणे मनाई करणाऱ्या पाटीवर कायद्याने ठरवून दिलेलाच मजकूर हवा, तो इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन्ही भाषांत हवा, अक्षरे ठळक, पार्श्वभूमीशी विरोधी रंगाची आणि किमान एक इंच उंचीची हवीत, आणि पाटी येणाऱ्याजाणाऱ्याला सहज दिसेल अशा जागी हवी. मजकूर चांगला लांबलचक असल्यामुळे अशी पाटी लावली, की दाराच्या काचेचा बराचसा भाग ती एकटीच खाऊन टाकते. एखाद्याने पिस्तुलाच्या चित्रावर लाल काट मारलेला छोटासा स्टिकर डकवला, तर पाहणाऱ्याला त्याचा अर्थ लगेच कळतो. पण या कलमाच्या दृष्टीने ती लेखी सूचना ठरत नाही. २०१६ पासून उघड शस्त्र बाळगणाऱ्या परवानाधारकांसाठी कलम ३०.०७ ची वेगळी पाटी आली, आणि २०२१ मध्ये टेक्सासने परवान्याची अटच बहुतांशी काढून टाकल्यावर बिनपरवाना शस्त्रधारकांसाठी कलम ३०.०५ ची तिसरी. परिणामी ज्याला केवळ पाट्यांच्या जोरावर सर्वच शस्त्रांना दार बंद करायचे आहे, त्या दुकानदाराला तीन मोठ्या पाट्या लावाव्या लागतात. पाटी ओलांडणाऱ्याला शिक्षा काय, तर २०० डॉलरपर्यंत दंड. मात्र तोंडी सांगूनही जो बाहेर जात नाही, त्याचा गुन्हा पुष्कळ वरच्या प्रतीचा ठरतो. मद्यालयांचा प्रकार निराळा आहे. ज्या जागेचे ५१ टक्के किंवा त्याहून अधिक उत्पन्न तेथेच बसून पिण्याच्या मद्याच्या विक्रीतून येते, तेथे लाल अक्षरांतील '५१%' ही पाटी लागते आणि तेथील मनाई मालकाची नसून सरकारची असते.

मिनेसोटाचा २००३ चा कायदा बारकाव्यांत टेक्सासवरही ताण करतो. पाटीचा मजकूर 'एरियल' या छापील वळणात, काळ्या रंगात, दीड इंच उंचीचा असावा, त्यामागील उजळ पार्श्वभूमी किमान १८७ चौरस इंचांची असावी, पाटी प्रवेशद्वारापासून बाजूला चार फुटांच्या आत असावी आणि तिची खालची कड जमिनीपासून चार ते सहा फुटांवर यावी, इतके सारे त्यात लिहिलेले आहे. एवढा खटाटोप करून पाटी लावली, तरी ती ओलांडणे हा तेथे लगेच गुन्हा होत नाही; बाहेर जाण्यास सांगितल्यावरही जो थांबतो तोच दोषी, आणि पहिल्या खेपेस त्याला जास्तीत जास्त दंड २५ डॉलर. येथे एक प्रश्न उरतोच, आणि तो कायदा करणाऱ्यांना सुचला नसेल असे मानणे अवघड आहे: जे शस्त्र दिसूच नये म्हणून झाकलेले आहे, ते धारण करणाऱ्याला मालकाने ओळखायचे कसे आणि 'बाहेर व्हा' म्हणायचे कोणाला? विस्कॉन्सिनने तर २०११ मध्ये आणखी एक पाऊल टाकले. जो मालक शस्त्रांना मनाई करत नाही, त्याच्यावर त्या निर्णयातून उद्‌भवणाऱ्या नुकसानीची जबाबदारी येणार नाही, असे संरक्षण त्या कायद्याने दिले. मनाई करणाऱ्याला तसे अभय नाही. मालकाच्या स्वातंत्र्याचा जयघोष करत त्याला एका बाजूला ढकलण्याचाच हा प्रकार म्हणावा लागेल.

मोठ्या व्यापारी कंपन्यांनी यातून स्वतःपुरती पळवाट काढली. स्टारबक्सने सप्टेंबर २०१३ मध्ये गिऱ्हाइकांनी शस्त्रे आणू नयेत अशी विनंती केली, पण बंदी घातली नाही. एल पासो येथील आपल्या दुकानात ऑगस्ट २०१९ मध्ये झालेल्या हत्याकांडानंतर वॉलमार्टने उघड शस्त्र न आणण्याची विनंती केली. झाकलेल्या परवानाधारी शस्त्राबाबतचे धोरण मात्र तसेच ठेवले. व्यापाऱ्याला भीती वाटते ती बहुधा इतर गिऱ्हाइकांना पिस्तूल दिसण्याची, असा याचा रोखठोक अर्थ आहे.

या साऱ्याला २३ जून २०२२ रोजी वेगळे वळण मिळाले. 'ब्रुएन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन अशा बहुमताने न्यूयॉर्कची 'विशेष कारण दाखवा' ही परवान्याची जुनी अट रद्द केली आणि शस्त्रावरील निर्बंध देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसला पाहिजे, अशी कसोटी घालून दिली. परवाने सर्रास द्यावे लागणार हे दिसताच न्यूयॉर्कने त्याच वर्षी नियम उलटा फिरवला: मालकाने पाटी लावून किंवा स्पष्ट शब्दांत संमती दिली असेल तरच खासगी जागेत शस्त्र न्यावे. एडिसनसारख्या गावांतून मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात त्या न्यू जर्सीने डिसेंबर २०२२ मध्ये, आणि हवाईने २०२३ मध्ये, तोच मार्ग धरला. लोकांसाठी खुल्या असलेल्या दुकानांपुरता न्यूयॉर्कचा नियम अपील न्यायालयात टिकला नाही, हवाईचा टिकला. हवाईच्या बाजूने पुढे करण्यात आलेल्या ऐतिहासिक दाखल्यांत न्यू जर्सीचा १७७१ चा एक कायदा होता आणि दुसरा होता लुइझियानाचा १८६५ चा, जो गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांना जखडण्यासाठी केलेल्या कायद्यांच्या मालिकेतला आहे. चांगल्या हेतूच्या नियमाला इतका कलंकित पूर्वज शोधावा लागणे, हा इतिहासाच्या कसोटीवरचाच आक्षेप मानला पाहिजे.

मुंबईत २००८ च्या हल्ल्यानंतर मॉलच्या दाराशी पिशव्या तपासणारा रखवालदार ज्याच्या सवयीचा झाला आहे, त्या मराठी वाचकाला अमेरिकी दुकानाचे विनातपासणीचे दार मोकळे वाटते. तपासणीचे काम तेथे जवळजवळ संपूर्णपणे पाटीवर आणि तिच्या वाचकाच्या सचोटीवर सोपवलेले आहे. दुकान लोकांसाठी उघडले, की आत येण्याची गर्भित, म्हणजे न उच्चारता दिलेली परवानगी सर्वांना मिळते हे खरे. परंतु त्या परवानगीत दृष्टीआड ठेवलेल्या शस्त्राचाही समावेश आहे असे गृहीत धरणे ओढूनताणून आणलेले वाटते, कारण जे दिसत नाही त्याला हरकत घेण्याची संधी मालकाला मिळालेलीच नसते. शस्त्र अंगावर आहे हे ज्याला एकट्यालाच ठाऊक आहे, त्यानेच आधी विचारावे, हा नियम अधिक न्याय्य ठरतो. हवाईचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सुनावणीसाठी दाखल करून घेतले. त्यातील प्रश्न मालकाच्या मौनापुरताच असून, स्पष्ट शब्दांत 'नाही' म्हणण्याच्या त्याच्या अधिकाराला त्या खटल्यात कोणीही आव्हान दिलेले नाही.