कायदा झाल्यानंतरचा पाठपुरावा

१९८६ साली मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी झाली. त्यांतले ४२ जण गर्भजलपरीक्षा करून मुलगा की मुलगी हे सांगत असल्याचे आढळले. त्या काळात यात कुणी काही लपवतही नसे. आज पाचशे रुपये खर्चा आणि पुढचा हुंड्याचा खर्च वाचवा, अशा आशयाच्या जाहिराती उघडपणे लागत. धंदा कायदेशीर होता, प्रतिष्ठित होता आणि त्याच्या मागे पैसा होता.

त्याच सुमारास मुंबईत स्त्री संघटना, काही डॉक्टर, संशोधक आणि वकील यांनी एकत्र येऊन लिंगनिदान व लिंगनिवडीविरुद्ध मंच उभारला. मोर्चे निघाले, पथनाट्ये झाली. पण पाहण्यांचे आकडे हाती घेऊन मंत्रालयात अधिकाऱ्यांना आणि आमदारांना पुन्हापुन्हा भेटणे, हे कामही तितकेच मोलाचे होते. मृणाल गोरे यांनी विधानसभेत हा प्रश्न लावून धरला. १९८८मध्ये महाराष्ट्राने देशातला असा पहिला कायदा केला.

या मंडळींची खरी कसोटी एका वेगळ्याच जागी होती. १९७१च्या कायद्याने स्त्रीला गर्भपाताची वाट मोकळी झाली होती आणि तिला धक्का लागू द्यायचा नव्हता. बंदी हवी होती ती लिंग शोधण्यावर, गर्भपातावर नव्हे. मुली वाचवा म्हटले की भावना लगेच हेलावतात आणि त्या भरात गर्भपातच गुन्हा ठरवा, अशी मागणी पुढे येते. टाळ्या मिळवून देणारी ती सोपी भाषा टाळून ही रेघ सांभाळणाऱ्यांचे ऋण मोठे आहे.

१९९४मध्ये संसदेने देशासाठी कायदा केला, १९९६पासून तो लागू झाला आणि कागदावर राहिला. सोनोग्राफी यंत्रे मात्र तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. अखेर २००० साली मुंबईची ‘सेहत’ व पुण्याची ‘मासूम’ या संस्था आणि संशोधक डॉ. साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले. आहे तोच कायदा सरकारने राबवावा, हे त्यांच्या मागणीचे सार होते. एवढ्यासाठी देशातल्या सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते, ही गोष्ट कुणालाही अस्वस्थ करील. न्यायालयाने राज्यांना सोनोग्राफी केंद्रांच्या नोंदणीची सक्ती केली आणि यंत्रे कुणाकुणाला विकली याच्या याद्या कंपन्यांकडून मागवल्या. २००३मध्ये सुधारित कायदा आला. गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही आता त्याच्या कक्षेत होती.

एवढे होऊनही शून्य ते सहा वयोगटात महाराष्ट्रात दर हजार मुलांमागे मुली २००१मध्ये ९१३ होत्या, त्या २०११मध्ये ८९४ झाल्या. बीड जिल्ह्यात तर ८०७. पुढे बेकायदा गर्भपातांच्या प्रकरणांमुळे २०१२मध्ये परळी, २०१७मध्ये म्हैसाळ ही नावे वर्तमानपत्रांतून घरोघरी पोचली. साताऱ्याच्या ‘लेक लाडकी अभियान’ने तर गरोदर स्त्रियांच्या मदतीने बनावट ग्राहक पाठवून डॉक्टर पकडून दिले. वास्तविक हे काम सरकारी यंत्रणेचे.

अशा पाठपुराव्याला देणगी मिळवणे अवघड असते. शाळेची खोली बांधली तर देणगीदाराला दाखवता येते. या कायद्याखालच्या सल्लागार समितीची बैठक वेळेवर भरावी म्हणून लिहिलेल्या पत्रांचा फोटो कुठे लावणार? तरी हे खर्च समाजाने उचलले पाहिजेत. समोरच्या बाजूला व्यावसायिकांच्या भक्कम संघटना आहेत आणि त्यांनाही बाजू मांडायचा पूर्ण हक्क आहे. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाने तो वापरला. सोनोग्राफीच्या नोंदीचा फॉर्म एफ भरताना झालेल्या कारकुनी चुकीला गुन्हा मानू नये, असे त्यांच्या याचिकेचे म्हणणे होते. एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरची यातली धास्ती खोटी नाही. पण बंद खोलीत, दोन्ही बाजूंच्या संमतीने होणाऱ्या या गुन्ह्याला तक्रारदारच नसतो. मागे माग उरतो तो बहुधा त्या फॉर्मचाच. सर्वोच्च न्यायालयाने ३ मे २०१९ रोजी महासंघाची याचिका फेटाळली.

वर्षभरातच, एप्रिल २०२०मध्ये, टाळेबंदीचे कारण देऊन केंद्राने याच कायद्याखालचे काही नियम ३० जूनपर्यंत स्थगित केले. दरमहाचे अहवाल पाठवण्याचा नियमही त्यात होता. महिला संघटना आणि आरोग्य कार्यकर्त्यांनी तातडीने विरोध नोंदवला आणि डॉ. साबू जॉर्ज पुन्हा सर्वोच्च न्यायालयात गेले.