बसून घ्यायचं माप

शनिवारी सकाळी पावणेसातला आयटीतल्या माणसाला फक्त प्रॉडक्शन इश्यूच उठवू शकतो, असा माझा समज होता. गेल्या जानेवारीत धाकटीने तो मोडला. मी पुण्याहून अकोल्याला तिच्याकडे चार दिवस आराम करायला म्हणून गेलो होतो, आणि त्या सकाळी अमरावतीच्या एका शिंप्याकडे निघालो होतो.

आमची धाकटी अकोल्यात भरतनाट्यमचा क्लास घेते. त्या संध्याकाळी प्रमिलाताई ओक सभागृहात तिच्या मुलींचा कार्यक्रम होता. चौदा मुली. तेरा पोशाख घरात, चौदावा अमरावतीत. दिवाळीत माप दिलेली नववीतली पोरगी जानेवारीपर्यंत चक्क दोन इंच वाढली, त्यामुळे पोशाख उसवायला परत गेला होता.

"अकोल्यात शिंपी नाहीत का गं?" मी विचारलं.

"आहेत ना, भरपूर. ब्लाउज शिवायला. दादा, तू फक्त जा आणि घेऊन ये. डोकं लावू नको."

बरं. निघालो. रस्ता बाकी सुरेख झालाय. २०२२ च्या जूनमध्ये याच अमरावती-अकोला पट्ट्यात ७५ किलोमीटरचं डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत उरकून गिनीज बुकात नाव लागलं, हे गावाकडच्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावंच लागतं. आम्ही लहान असताना एसटीने मूर्तिजापूर येईस्तोवरच पाठीचा भुगा व्हायचा. असो.

शिंपीकाका जुनेच. धाकटी अमरावतीत शिकायची तेव्हापासूनचे. मशीनवर तो पोशाख होता आणि "अर्धा घंटा बसा" असा हुकूम झाला. बसलो. करायला काही नव्हतं म्हणून पहिल्यांदाच ती वस्तू नीट पाहिली. आजवर मला वाटायचं की या मुली साडीच नेसतात, जरा चापूनचोपून. तसं नाही. चांगली काठापदराची रेशमी साडी आणून ती चक्क कापतात. तिच्यातून चोळी, पायजमा, मागचा तुकडा, छातीवरून जाणारी पट्टी आणि समोरचा तो चुण्यांचा पंखा, असे वेगवेगळे भाग निघतात. पदराची जर पंख्याला, काठ पायजम्याच्या कडेला. प्रत्येक भागाला हूक आणि नाड्या. वाढत्या वयाच्या मुलींसाठी आत शिवणीत दोन-दोन बोटं कापड दाबून ठेवलेलं असतं. तेच काका आता मोकळं करत होते.

"आधीच मोठा का नाही शिवत?" मी डोकं लावलंच.

"साहेब, ढिला शिवला तर पंखा लोंबते. आन् घट्ट शिवला तर पोरगी बसत नाई. उभ्या पोरीचं माप काय कामाचं? नाचतानी थे उभी राह्यते का?"

भरतनाट्यममध्ये नाचणारी बहुतेक वेळ अर्धी बसलेली असते. गुडघे बाहेरच्या बाजूला वळवून, टाचा जवळ, पाठ सरळ. याला अरमंडी म्हणतात. पंख्याच्या दोन कडा दोन्ही पायांना जोडलेल्या असतात, त्यामुळे गुडघे बाहेर गेले की तो आपोआप उलगडतो आणि उभं राहिलं की मिटतो. म्हणून काका माप घेताना पोरीला अरमंडीत बसवतात आणि कंबरेपासून वाकलेल्या गुडघ्यावरून घोट्यापर्यंत टेप लावतात. नुसतं उभं राहून आरशात बघणं म्हणजे आमच्याकडचं "माझ्या मशीनवर तर चालतंय". खरी टेस्ट लोड आल्यावर.

आमचे बाबा या सगळ्याला 'मद्राशी नाच' म्हणायचे. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं की तंजावरला पावणेदोनशे वर्षं भोसल्यांचं राज्य होतं, दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) नाचासाठी मराठीतून रचना केल्या, आणि आजच्या अलारिप्पू ते तिल्लाना या क्रमाला घाट देणारे चार भाऊ त्यांच्याच दरबारातले. मलाही तेव्हा कुठे ठाऊक होतं म्हणा. पोशाख मात्र इतका जुना नाही. देवदासी नाचायच्या तेव्हा साडीच असे. हा शिवलेला, पंख्याचा प्रकार विसाव्या शतकातला. १९३६ मध्ये मद्रासला कलाक्षेत्र काढणाऱ्या रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी पोशाखाचा बारकाईने विचार केला, आणि मग तो सगळीकडे पसरला.

साडेअकराला अकोल्यात परत. दुपारी दोनला मेकअप रूममध्ये. पुरुषांना दाराबाहेर बसायची परवानगी. एखादी पूर्ण तयार झालेली मुलगी बाहेर आणायची, तिची शेवटची तपासणी बाहेरच्या मोकळ्या पॅसेजमध्ये. माझ्या मांडीवर सेफ्टी पिनांचा डबा. एका मुलीला किती पिना लागतात ते मी मोजत होतो. तीसनंतर सोडून दिलं.

हे सगळं एका ठरलेल्या क्रमाने चालतं आणि क्रम चुकला की बोंब. आधी खाणं आणि बाथरूम, कारण एकदा पोशाख चढला की दोन्ही बंद. पाणीसुद्धा स्ट्रॉने. मग हातापायांना आलता, आणि तो वाळेपर्यंत पाय लांब करून बसायचं, नाहीतर रेशमावर लाल डाग, जो कधीच निघत नाही. चेहरा, डोळे (डोळ्यांना सर्वांत जास्त वेळ, कारण शेवटच्या रांगेतल्या आजोबांनाही ते दिसले पाहिजेत). मग खोटी वेणी, तिच्यावर राकोडी, भांगाच्या दोन बाजूंना चंद्र-सूर्य. या दागिन्यांचं मूळ गाव तिकडे कन्याकुमारीजवळ, नागरकोइलचं वडसेरी. देवळातल्या मूर्तींचे दागिने घडवणारे कारागीर तिथले. आमच्याकडचे अर्थातच काचेच्या लाल खड्यांचे. सगळ्यात शेवटी घुंगरू. चामड्याच्या पट्ट्यावर रांगांनी शिवलेले, आधी नमस्कार, मग पायात. त्या क्षणी इतका वेळ किचकिचणाऱ्या पोरी एकदम गप्प होतात. का ते मला कळलं नाही, पण झाल्या.

नववीतली पोरगी बाहेर आली. माझ्या मते फिटिंग फर्स्ट क्लास होतं. धाकटी म्हणाली, "बस." ती अरमंडीत बसली. "अजून." अजून बसली. "पूर्ण." पोरगी पार चवड्यांवर खाली बसली, गुडघे दोन दिशांना, पंखा जमिनीवर पसरला. धाकटीने मांडीच्या शिवणीवरून बोट फिरवलं. असं एकेक करून चौदाही जणींना. तोवर साडेपाच झाले होते, लोक येऊ लागले होते.

"उशीर होतोय गं," मी म्हणालो.

"होऊ दे. माझ्या वर्णमला काय झालं होतं, विसरलास?"

विसरलो नव्हतो. २००४ चा मे, अमरावती, तिचं अरंगेत्रम. वर्णम हा त्यातला सगळ्यात मोठा भाग, अर्ध्या तासाच्या वर चालतो. सुरुवातीचं सगळं झकास झालं, पोशाख बदलून ती वर्णमला आली आणि सुरुवातीची काही मिनिटं कशीतरीच अवघडून नाचली. मग अचानक सुटली.

"घाबरली होतीस तू."

"घाबरले कुठे? तो भाड्याचा पायजमा मांडीत अडकत होता. बसताच येत नव्हतं." ती पुढच्या मुलीच्या कंबरपट्ट्याशी खटपट करत बोलत होती, माझ्याकडे बघतही नव्हती. "मग एका तीर्मानमला म्हटलं, जाऊ दे फाटला तर. आणि बसले. फाटला. पंख्यामुळे कोणाला दिसलं नाही."

भाड्याचा. तर ते असं की त्या वर्षी मला पुण्यात पहिली नोकरी लागून आठ महिने झाले होते. आईचा फोन आला होता. वादकांचं मानधन, त्यांचं येणंजाणं, हॉल यात बाबांचे पैसे संपलेत, परीक्षेचा एक पोशाख आहे, दुसरा नवीन शिवायला साडी धरून साडेचार हजार लागतील, तू देशील का. मी म्हणालो, एका संध्याकाळीसाठी एवढे कशाला, भाड्याने मिळतो ना. मिळतो, आई म्हणाली. बाहेरगावच्या एका दुकानातून आदल्या दिवशी पार्सल आलं. मी त्याच महिन्यात नोकिया ६६०० घेतला होता. किंमत सांगत नाही, त्या काळी ज्यांनी घेतला त्यांना माहीत आहे.

कार्यक्रम छान झाला. मी विंगेत पिनांचा डबा घेऊन उभा होतो आणि नाच न बघता चौदा पंखे बघत होतो. नववीतली पोरगी दुसऱ्या रांगेत होती. तिचा नीट उलगडत होता.

रात्री अकराला धाकटीच्या गच्चीवर दोऱ्या बांधून सगळे पोशाख उलटे करून वाळत घातले. रेशीम धूत नाहीत आणि घामाचं तसंच घडी करून ठेवलं तर कुजतं. थंडी मस्त पडली होती. चिमटे लावता लावता मी विचारलं, "मग त्या फाटलेल्याचं काय केलंस?"

"काय करणार? डिपॉझिटमधले दोनशे कापले त्यांनी. बाबांनी काही म्हटलं नाही."

हे दोनशे मला माहीत होते. त्या वेळी आईनेच फोनवर सांगितले होते. मी म्हणालो होतो, दुसऱ्याची वस्तू आहे, नीट वापरायला नको का तिने.