बाजारबुणगे

घरात बिनकामाची गर्दी झाली की आजी ओरडायची, "हे बाजारबुणगे आधी बाहेर काढा!" गंमत अशी, की आजोबा स्वतः पलटणीचे शिंपी होते. म्हणजे आम्ही अस्सल बाजारबुणगेच.

सत्तरच्या दशकातली छावणी माझ्या डोळ्यांसमोर आहे. खाम नदीच्या अल्याड औरंगाबाद शहर, पल्याड आम्ही, मधे लोखंडी पूल. निजामाच्या काळात कंटिंजंट फौजेचे घोडदळ इथे होते, त्याच्या मागोमाग धोबी, मोची, नालबंद, भिस्ती, शिंपी येऊन राहिले. माझ्या लहानपणी घोडे गेले होते, पण हे धंदे पिढीजात चालू होते.

आजोबांच्या मशीनवर ऑलिव्ह ग्रीन सदऱ्यांची चळत असायची. बाहीवर फीत बसवताना ते दोन्ही बाह्या एकावर एक ठेवून टेपने मापत. सुताएवढा फरक दिसला तरी उसवत. एक फीत म्हणजे लान्स नायक, दोन म्हणजे नायक, तीन म्हणजे हवालदार. बढतीची बातमी जवानाच्या घरी पत्राने पोचायची, शिंप्याला मात्र त्याच दिवशी कळायची. पेढा पहिला आमच्या घरात.

मामा फौजेत लांगरी, म्हणजे स्वयंपाकी, होता. सुट्टीवर आला की त्याच्या काळ्या ट्रंकेवर पांढऱ्या रंगात लिहिलेला नंबर आम्ही बोटाने गिरवायचो. पत्त्यात फक्त 'द्वारा ५६ ए.पी.ओ.'. तो नेमका कुठे आहे, हे आईलाही ठाऊक नसे. गावातले विचारत, "बंदूक देतात का रे?" तो म्हणे, "देतात. पण आधी कणीक मळायची."

आता भाचा व्हिडिओ कॉलवर बराकीतला पंखा दाखवतो. २०२२च्या सेनादिनी नव्या ठिपकेदार छपाईचा गणवेश आला. लष्कराचे स्वतःचे गोठे १८८९ पासून जवानांना दूध पुरवत, तेही २०२१मध्ये बंद झाले. पण कामे संपलेली नाहीत. अग्निवीर ट्रेड्समनच्या भरतीत आजही दहावी पास मुले स्वयंपाकी, शिंपी, धोबी म्हणून जातात, आठवी पास मेस सांभाळायला. तेव्हा हुन्नर बापाकडून यायचा, आता अर्ज ऑनलाइन भरायचा आणि परीक्षाही संगणकावर. चार वर्षांनी चारातला एकच कायम होणार, बाकीचे गावी परतणार. आजोबांना मात्र छावणीने आयुष्यभर पोसले.

बदलला नाही तो आपला 'बाजारबुणगे' हा शब्द. पानिपत सांगताना हाती भाला नसलेला प्रत्येक जण आपण त्यात कोंबतो: यात्रेकरूही, नालबंदही आणि धान्याचा वाणीही. खरे तर रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६०मध्ये मारले गेले, छावणीत दाणा पोचेनासा झाला आणि १४ जानेवारी १७६१ला मराठे उपाशीपोटी लढायला बाहेर पडले. बेचाळीस वर्षांनी इंग्रज सेनापती वेलस्लीने आपल्या शेजारच्याच असईला शिंदे-भोसल्यांना हरवले. त्याआधी त्याने नगरचा किल्ला घेऊन तिथे कोठार केले होते आणि धान्य वाहायला लमाणांचे बैल धरले होते. ज्यांना आपण गर्दी म्हणालो, त्यांना त्याने फौजेत मोजले.

आजोबांचे मशीन अजून माळ्यावर आहे. छावणीचा गुरुवारचा बाजार आजही भरतो. आता तिथे लष्करी छपाईच्या पाठपिशव्या कुणीही विकतो, कुणीही घेतो. बाजाराच्या नावात 'छावणी' का आहे, हे मात्र घेणाऱ्या पोरांना सांगावे लागते.

म्हणून एक विनंती. नातवंडांना पानिपत सांगाल, तेव्हा बाजारबुणग्यांना बोल लावण्याआधी गोष्ट गोविंदपंतांपासून सुरू करा.