वाफशाचे दोन दिवस

पिशोरच्या शिवारात मृगाचा पाऊस झाला की घड्याळाला काही अर्थ राहत नाही. रान आधी चिखलाचं असतं. मग पाय रुतेनासा होतो, मुठीत दाबलेल्या मातीचा गोळा होतो आणि बोट लावताच फुटतो. हा वाफसा. तो दोन दिवस टिकतो, फार तर तीन. तेवढ्या दिवसांत माझ्या मामाकडे कसलंही काम घेऊन गेलं, अगदी सोयरिकीचं बोलणं काढलं, तरी उत्तर ठरलेलं: "पेरणी होऊ दे, मग बोल."

ट्रॅक्टर गल्लोगल्ली यायच्या आधीची गोष्ट. पावसाआधीच्या वावटळीत मामाच्या गोठ्याचे पत्रे उडाले आणि नेमका वाफसा आला. पत्रे बसवण्यात मामाचा हात वाकबगार. अर्ध्या दिवसात गोठा झाकला असता. शेजारच्या भावकीतल्या दादाला त्याच कामाला पुरा दिवस लागायचा. तिफण धरण्यातही मामाच पुढं. त्याची जोडी दिवसाला तीन एकर पेरायची. दादाचा एक बैल अंगचोर, त्यामुळे त्याचं एक एकरावर भागायचं. म्हणजे दोन्ही कामांत मामा सरस. तरी मामा दादाला म्हणाला, "पत्रे तू बसव, तुझं रान मी पेरतो."

मला तेव्हा हा आळस वाटला होता. पुढं कॉलेजात उमगलं की मामानं तोंडी हिशेब केला होता. पत्र्यांचा अर्धा दिवस म्हणजे मामाची दीड एकर पेरणी. दादाचा पुरा दिवस म्हणजे त्याची एकच एकर. धीमा असला तरी गोठा झाकायला दादाच स्वस्त. मामानं त्याची सव्वा एकर पेरून दिली. पाव एकर मामाची वाचली, पाव एकर दादाला जास्तीची मिळाली, आणि गोठाही झाकला गेला. त्या दिवशी नवा बैल आला नव्हता की दिवस लांबला नव्हता.

डेव्हिड रिकार्डोनं 1817 साली छापलं ते हेच. शेअरबाजारात पैसा करून नंतर जमीनदार झालेला हा माणूस. त्याच्या उदाहरणात तिफणीऐवजी कापड आणि दारू. ठरावीक कापडाला इंग्लंडात शंभर माणसांचं वर्षभराचं काम लागतं, पोर्तुगालात नव्वद. द्राक्षाच्या दारूला इंग्लंडात एकशेवीस, पोर्तुगालात ऐंशी. पोर्तुगाल दोन्हीत हुशार, तरी त्यानं दारू करावी आणि कापड इंग्लंडातून आणावं. त्यात दोघांचंही भलं. पाठ्यपुस्तकात याला तुलनात्मक खर्चाचा सिद्धांत म्हणतात. आमच्याकडं त्याला सावड म्हणतात. सावडीला आकडे नसतात, पण ती कुठं तुटते ते सगळ्यांना ठाऊक असतं.

रिकार्डोच्या गणितात एक जागा मोकळी राहते. दादाला एक एकराहून जास्त पेरून मिळालं तर त्याचा फायदा. मामाला दीड एकराहून कमी पेरावं लागलं तर मामाचा. मधली अर्धी एकर कुणाची? मामानं ती बरोबर मधून कापली, कारण संध्याकाळी दोघांना एकाच पारावर बसायचं होतं. याउलट आद्रकीचा व्यापारी बांधावर येतो, दोन-चार जागी कुदळ घालून कंद बघतो आणि उक्ता सौदा बोलतो. सौद्यात दोघांचाही फायदा असतो, हे खोटं नाही. पण तो संध्याकाळी पारावर नसतो.

आद्रक म्हणजे आलं. आमच्या कन्नड तालुक्यात आल्याला आलं म्हणणारा माणूस पाहुणा समजावा. ज्या रानात आद्रक लावाल तिथं मका येणार नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. अर्थशास्त्र त्याची आकृती काढतं: एका बाजूला मका, दुसऱ्या बाजूला आद्रक आणि मधून बाहेर फुगलेली रेघ, उत्पादन शक्यता वक्र. रेघ सरळ का नाही, फुगीर का, हे आमच्या सरांनी दोन तास समजावलं होतं. मामाच्या बांधावर ते दोन मिनिटांत कळतं. आद्रकीला निचऱ्याचं रान लागतं. वरच्या अंगाच्या हलक्या रानात ती लावली तर थोडाच मका बुडतो; तिथं तो तसाही खुरटाच. भाव बघून लोभ सुटला, खालच्या काळ्या रानातही बेणं घातलं, की पाणी साचतं आणि कंद सडतो. आद्रक मूठभर हाती येते आणि बुडतो तो पट्टीचा मका. एकर एकच, पण वरची स्वस्त पडली आणि खालची महाग.

मात्र त्या रेघेवर बोट पुढंमागं फिरवता येतं, रानात येत नाही. 2023 साली आद्रकीचा भाव चढला आणि पुढच्या हंगामात जो तो बेणं शोधत हिंडू लागला. ते काढणीला आलं तोवर भाव उतरला होता. आठ-नऊ महिने जमीन अडकलेली. त्यात सड लागलेल्या रानात लगेच पुन्हा आद्रक घेता येत नाही. त्या वर्षी मामाच्या तोंडी एकच वाक्य होतं: "मका घेतला असता तं..." वाक्य तो कधी पुरं करत नसे. पर्यायी खर्चाची इतकी नेमकी व्याख्या मी दुसरीकडं ऐकलेली नाही. वहीत बेणं, खत, ठिबकच्या नळ्या, मजुरी, सगळं लिहिलेलं. न घेतलेल्या मक्याला तेवढी ओळ नव्हती.

सरकारच्या वहीत ती ओळ आहे, पण तिच्यावर भांडण आहे. हमीभावासाठी खर्च मोजताना खिशातून गेलेला पैसा म्हणजे ए-टू. त्यात घरच्या माणसांची मजुरी मिळवली की ए-टू अधिक एफ-एल. आणि स्वतःच्या जमिनीचा खंड, स्वतःच्या भांडवलाचं व्याज धरलं की सी-टू. 2018 च्या अर्थसंकल्पात दीडपट भाव जाहीर झाला तो मधल्या खर्चावर. शेतकरी संघटना मागतात सी-टूवर. दिल्लीच्या रस्त्यावरच्या आंदोलनांतल्या त्या अक्षरांमागं प्रश्न इतकाच: ही जमीन मी दुसऱ्याला खंडानं दिली असती तर? मक्याला, कपाशीला निदान हे भांडण तरी आहे. आद्रकीला हमीभावच नाही.

मामी मात्र एफ-एल या दोन अक्षरांवर मनापासून हसली. निंदणीला ती रोजानं दुसरीकडं गेली असती तर तिला हाजरी मिळाली असती. घरच्या रानात ती "घरचंच माणूस". तिच्या दिवसांची किंमत कुठल्या तरी कागदावर मांडलेली आहे, हेच तिला नवं होतं. मग तिनं विचारलं, "मंग ते पैसे कोणाला देतेत?" मला उत्तर देता आलं नाही.

आमच्या भागातली देवघेव आजची नाही. कन्नड तालुक्यातच पितळखोऱ्याची लेणी आहेत, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या आसपासची. तिथल्या खांबांवरच्या लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. त्यांत पैठणचा एक सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे. त्याची गिऱ्हाइकं कोण, भाव कोण ठरवायचं, कोण जाणे. शिल्लक उरली ती दगडात गेली. तिथंच सापडलेला एक ठेंगू, मोठ्या पोटाचा, हसरा यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर घडवणाऱ्याचं नाव कोरलंय: कण्हदास, धंद्यानं सोनार.

गेल्या दिवाळीत मी त्या यक्षाचा फोटो मोबाइलवर मामाला दाखवला आणि लेख वाचून सांगितला. सोनारानं दगड घडवला, याचं मला भारी कौतुक. मामानं फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला, आधी यक्षाच्या गळ्यातला दागिना, मग त्याचं हसू.

"सोनार दगडाला लागला," तो म्हणाला, "मंग लग्नसराई नसंल तवा."