पंचाविना सराव

कबड्डीत पंचांच्या नजरेतून निसटणारं बरंच काही असतं. चढाईपटूचं बोट कोपरारक्षकाच्या घोट्याला ओझरतं लागतं आणि ते त्या दोघांनाच कळतं. म्हणून शाळेच्या मुलामुलींना शिकवताना आठवड्यातला एक सराव मी पंचाविना घेतो. स्पर्श झाला की बचावपटूने आपणहून हात वर करून बाहेर जायचं. वाद झाला तर खेळ थांबवून दोघांनी सगळ्यांसमोर आपापली बाजू मांडायची.

‘समोरचे कुठे कबूल करतात, सर? मग आपणच का?’ हा प्रश्न हमखास येतो आणि तो रास्तच आहे. ‘खरं बोलावं’ म्हटलं की मुलं गप्प होतात, पण त्यांना पटलेलं नसतं. मी उलट विचारतो, ‘तू केलेला स्पर्श समोरच्याने नाकारला तेव्हा तू का चिडलास?’

एकदा त्यांना वानखेडेवरची १९८० सालची सुवर्णमहोत्सवी कसोटी सांगितली. इंग्लंडचे पाच गडी बाद झालेले. बॉब टेलरला पंचांनी यष्टीमागे झेलबाद दिलं. चेंडू बॅटला लागलाच नाही, अशी कर्णधार गुंडप्पा विश्वनाथची खात्री होती. त्याने टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथमने १७१ धावांची भागीदारी केली आणि इंग्लंडने सामना १० गडी राखून जिंकला. ‘कर्णधाराने संघाचं नुकसान केलं,’ बरीच मुलं म्हणाली. तेव्हा नववीतली एक मुलगी उठली. ‘टेलर बाद नव्हताच, तर ती विकेट आपली कशी? जे आपलं नव्हतं ते गेलं कुठे?’

पुढे तालुक्याच्या सामन्यात, बरोबरी असताना, अखेरच्या चढाईत तिच्याच घोट्याला बोट लागलं. पंचांना ते दिसलं नव्हतं. तिने हात वर केला. आम्ही एका गुणाने हरलो.

एक पालक माझ्यावर संतापले. ‘पोरी पुढे गेल्या असत्या तर दहावीला क्रीडागुण मिळाले असते!’ त्यांचा राग मला समजतो. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. शेतकऱ्याच्या घरात खेळाचं प्रमाणपत्र ही मोठी आशा असते. पण याच वाटेवर पुढे वयाचे खोटे दाखले आणि उत्तेजकं भेटतात. तिथे नाही म्हणण्याची ताकद एका दिवसात येत नाही. ती घोट्याला लागलेल्या बोटापासूनच कमवावी लागते.

दुसऱ्या दिवशी संघातल्या मुली तिच्याशी कडाडून भांडल्या. मी मध्ये पडलो नाही. प्रत्येकीला आपलं म्हणणं कारणासकट मांडावं लागलं. सगळ्यांचं एकमत झालं नाही आणि ते व्हावं असा माझा हट्टही नव्हता. सरांनी सांगितलं म्हणून हात वर करणारी मुलगी सर नसताना तो खाली ठेवील. आपण हात का वर करतो हे जिला स्वतःला पटलं आहे, तिला पंचाची गरज नाही.